मामांच्या घारी

माझ्या नवऱ्याचे मामा आयुष्यभर माणसांच्या डोक्यावरून चार हात वर बघत जगले. हैदराबादेत त्यांचा पाय ज्यात गेला नाही असा खड्डा नसेल, आणि ज्याच्यावर कोणती घार बसते हे त्यांना ठाऊक नाही असा टॉवर नसेल. कोठीच्या भर बाजारात, हातगाड्या आणि रिक्षांच्या मधोमध ते एकदम थांबायचे आणि मान मागे टाकायचे. त्यांना बघून शेजारचे चार लोक वर बघायचे, त्या चौघांना बघून आणखी दहा. मग कुणीतरी काळजीनं विचारायचं, "क्या हुआ चाचा?" मामा हळूच म्हणायचे, "शिकरा." विचारणाऱ्याला ते पक्ष्याचं नव्हे, माणसाचं नाव वाटायचं. "कौन शिकरा? किधर से गिरा?" एव्हाना मामी भाजीच्या पिशव्या घेऊन पार पुढच्या चौकात पोचलेल्या असायच्या. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीच आपण थांबणं सोडून दिलं, असं त्या मला म्हणाल्या होत्या.

मामांचं घराणं जुन्या निजामी राजवटीतलं. गावाकडची शेती मागे राहिली, नारायणगुड्यात तीन खोल्यांचं घर झालं, आणि मराठीत "हौ" आणि "नक्को" कायमचे राहायला आले. कोठीतल्या एका दवाखान्यात ते एक्स-रे काढायचे. माणसांविषयीचं कुतूहल बहुधा तिथेच भागत असावं. "माणसाचा फोटो काढायचाच तर आतला काढावा," असं ते म्हणत, "बाहेरून काय बघायचंय?" बाहेरून बघण्यासारखे त्यांच्या लेखी फक्त शिकारी पक्षी: घारी, शिकरे, गरुड, घुबडं. मोर दिसला तर ते चहा प्यायला जायचे.

मी पुण्याची, लग्नामुळे इथे आले. आमचं लग्न नारायणगुड्यातल्याच एका कार्यालयात झालं. ठरवलेला फोटोग्राफर आयत्या वेळी तापानं झोपला आणि कुणीतरी म्हणालं, मामांकडे कॅमेऱ्याची एवढी मोठी तोफ आहे, त्यांनाच सांगू. त्यांनी मान डोलावली, हीच आमची फसगत. आमच्या अल्बममध्ये मी बहुतेक पाठमोरी आहे. नवरा एका फोटोत पूर्ण आहे, पण डोळे मिटलेला. आणि ऐन मुहूर्ताचे जे फोटो आहेत त्यांत कार्यालयाच्या पाण्याच्या टाकीवर बसलेला एक शिकरा चिमणी फाडून खातोय. पिसं उडताना दिसतात. माझ्या आईनं तो अल्बम उघडला आणि पदर तोंडाला लावला. मामा तिच्या शेजारी बसून समजावत होते, "विहीणबाई, उजेड बघा ना, काय पडलाय त्याच्या पाठीवर."

त्यांना मूलबाळ नव्हतं. आम्ही तारनाक्याला राहायचो, म्हणून सणवार, दवाखाने आणि रविवार आमच्या वाट्याला यायचे. हिवाळ्यातले रविवार मात्र त्यांचे स्वतःचे असत. शहराच्या पश्चिमेला, रिंग रोडच्याही पलीकडे, गवताची मोठी माळरानं होती. थंडीत तिथे भोवत्या येतात. भोवत्या म्हणजे ससाण्यासारखा सडपातळ शिकारी पक्षी. बर्फाच्या मुलुखातून येतो आणि गवताला पोट घासेल इतका खालून उडतो. मामा स्कूटर चालवायचे. मामी मागे बसायच्या, मांडीवर कॅमेऱ्याचं आडवं स्टँड, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात भाकरी आणि अंबाडीच्या चटणीचा डबा. माळावर पोचल्यावर मामा गवतात पालथे पडायचे आणि मामी एका दगडावर बसून लसूण सोलायच्या. मी एकदा बरोबर गेले होते. तासभर कुणी बोललं नाही. मग मामी लसणावरची नजर न काढता म्हणाल्या, "अहो, मागं बघा, तुमचे पाहुणे आलेत." भोवत्या खरंच मागून आला होता. मामा वळेपर्यंत निघूनही गेला. परतताना स्कूटरवर मामा रुसलेले आणि मामी गप्प हसत असलेल्या.

मामांचे नियम कडक होते. घरट्याजवळ जायचं नाही, जागा कुणाला सांगायची नाही, आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्यावर कॅमेरा उचलायचा नाही. आमची मुलगी लहान असताना त्यांनी तिला प्राणिसंग्रहालयात नेलं होतं. गरुडाच्या पिंजऱ्याशी ते गजांकडे पाठ करून उभे राहिले. ती म्हणाली, फोटो काढा ना. ते म्हणाले, "कैद्याचा फोटो पोलिसांनी काढावा, आपण नाही. अशा जगण्यापेक्षा मेलेला बरा." ती घरी येऊन दोन दिवस जेवली नाही. हौशी फोटोग्राफरांच्या एका गटातही ते काही वर्षं होते. एका सकाळी त्या लोकांनी माळावर एक पांढरा उंदीर दोरीनं खुंटीला बांधला, गरुड खाली यावा म्हणून. सगळे कॅमेरे रोखून बसलेले असताना मामा उठले, त्या सगळ्यांच्या चौकटींमधून चालत गेले आणि दोरी सोडली. उंदीर पळाला, मामांना गटातून काढलं. स्टँड बगलेत मारून ते घरी आले तेव्हा मामींनी विचारलं, "आज कामून लवकर?" ते म्हणाले, "उंदरामुळं."

त्यांच्या गल्लीतल्या शिरीषावर एका घारीचं घरटं होतं. तिच्या डाव्या पायाचं एक बोट तुटलेलं, त्यामुळे ती लांबूनही ओळखू यायची. दर वर्षी ती काटक्यांवर नव्या काटक्या रचायची आणि मामा गच्चीवरून तिचे फोटो काढायचे. बसलेली, उडणारी, चिडलेली, भिजलेली. मामी तिला "माझी सवत" म्हणायच्या. "चहा गार झाला, सवतीजवळून उठा आता." पाहुण्यांसमोरही असंच म्हणायच्या. नव्या पाहुण्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

मग एका दिवाळीत मामींच्या पोटात दुखायला लागलं. मामा तेव्हा निवृत्त झालेले, तरी पहिला एक्स-रे त्यांनीच काढला. त्यांना त्यात काही दिसलं नाही, कारण ते दुखणं एक्स-रेत दिसणारं नव्हतं. पुढच्या तपासण्यांत ते कळलं आणि उशिरा कळलं. औषधं सुरू झाली, केस गेले. मामांनी माळावर जाणं बंद केलं. ते मामींच्या खाटेजवळ खुर्ची टाकून बसायचे आणि खिडकीतून वर बघायचे. मामी मला हळूच म्हणाल्या, "यांना कुठंतरी घेऊन जा गं. माझ्याकडं बघता येत नाही त्यांना."

त्या संक्रांतीला हैदराबाद नेहमीसारखंच गच्चीवर होतं. दोन दिवस आभाळात पतंग आणि खाली आरडाओरडा. तिसऱ्या दिवशी सकाळी मामांचा फोन आला, "गाडी घेऊन ये." मी गेले तेव्हा ते गल्लीत उभे होते. हातात मामींची जुनी शाल आणि शालीत ती घार. उजव्या पंखात मांजा हाडापर्यंत गेला होता. शिरीषाच्या फांदीला ती रात्रभर उलटी लटकली असावी. मामांनी तिला आधी आपल्या जुन्या दवाखान्यात नेलं. तिथल्या नव्या माणसानं मशीन त्यांच्या हवाली केलं. तिच्या डोक्यावर फडकं टाकून त्यांनी तिचा पंख काचेवर पसरला आणि उभ्या जन्माच्या सवयीनं तिला म्हणाले, "साँस रोको." ओली फिल्म त्यांनी खिडकीशी धरली, आणि तुटलेलं हाड मलाही दिसलं.

शहराबाहेर जखमी पक्ष्यांसाठी एक आसरा आहे. मामी म्हणाल्या, मीही येणार. आम्ही नको नको म्हणत असताना त्या डोक्याला रुमाल बांधून गाडीत जाऊन बसल्या. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी पंख बघितला आणि मामांना सांगितलं, "अंकल, विंग निकालना पडेगा. उड नहीं सकती फिर. जिंदगीभर इधरिच रहेगी. नहीं तो सुला देते. आप बोलो."

मामांचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. त्यांनी मराठीतच सुरुवात केली, "अशा जगण्यापेक्षा..." आणि थांबले. समोर प्लास्टिकच्या खुर्चीत मामी त्यांच्याकडे बघत होत्या.

"बोला ना," मामी म्हणाल्या. "कामून थांबलात? मलाही तेच लागू का?"

डॉक्टरबाईंना मराठी येत नव्हतं. त्या माझ्याकडे बघू लागल्या. शेवटी मामीच म्हणाल्या, "रखो बेटा उसको. खाती है ना? बस."

पंख काढला आणि घार जगली. मामा तिला बघायला जायला तयार नव्हते, पण अंगात जरा ताकद असली की मामी म्हणायच्या, "माझ्या सवतीकडं न्या." मग आम्ही जायचो. मोठ्या जाळीच्या खोलीत, जमिनीपासून हातभर उंचीच्या ओंडक्यावर ती बसलेली असायची, एका बाजूला किंचित कललेली. मामी जाळीतून मांसाचा तुकडा धरायच्या. मामा बाहेर, फाटकाशी. एकदा मामींनी त्यांना आत बोलावून घेतलं.

"हिचा फोटो काढा."

"नक्को. तुला माहिताय."

"वर होती तेव्हा ढीगभर काढलेत. आता एक पंख नाही म्हणून नको?"

"तसं नाही."

"मग कसं?"

पुढच्या खेपेला त्यांनी कॅमेरा आणला. पण ते लांबचं भिंग इथे कुचकामी. पक्षी समोर आणि चित्र धूसर. मामा मागे सरकत गेले, शेवटी पाठ भिंतीला टेकली. डॉक्टरबाईंनी स्वतःचं छोटं भिंग दिलं. आता त्यांना घारीच्या अगदी पुढ्यात उकिडवं बसावं लागलं. ती मान तिरकी करून त्यांच्याकडे बघत राहिली. "एवढ्या जवळून मला काढता येत नाही," ते म्हणाले. मामी म्हणाल्या, "शिका." त्यांनी काढले फोटो. मग बाहेर जाऊन पायरीवर बसले.

श्रावणात मामी गेल्या. सकाळी चहा मागितला, तो होईपर्यंत गेल्या.

दिवसकार्यासाठी फोटो हवा होता. मी आणि नवरा मामांच्या संगणकापुढे बसलो. वर्षावर्षांचे कप्पे उघडत गेलो. गरुड, शिकरे, भोवत्या, घारी. मामी मध्येमध्ये होत्याही. गवताच्या कडेला छत्रीचा कोपरा. दगडावर लसणाचा ढीग आणि शेजारी पातळाचा काठ. सापमार गरुडाच्या एका सुंदर फोटोत खाली बसलेल्या बाईची सावली. आसऱ्यातल्या फोटोंत जाळीतून आत आलेली दोन बोटं. चेहरा कुठेच नव्हता. आमच्या लग्नातही त्या प्रत्येक वेळी चौकटीबाहेर पान वाढत असणार.

शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. हार घातला. मामा आले, समोर उभे राहिले आणि म्हणाले, "ही कोण?"

विसरभोळेपणा नव्हता तो. तो फोटो खरोखरच कुणाचाही होता. नवऱ्यानं सांगितलं, दुसरा नाहीच. मामा म्हणाले, "ती कधी म्हटलीच नाही, माझा काढा म्हणून."

"तुम्ही कधी विचारलं होतं, मामा?" नवरा बोलून गेला.

"हौ, खरंय," मामा म्हणाले. एवढंच. मी नवऱ्याचा दंड दाबला, पण बोलून झालं होतं.

त्यानंतर त्यांनी आभाळाकडे बघणं टाकलं. रस्त्यानं खाली मान घालून चालू लागले, आणि आम्हांला तेच फार जड गेलं. पण रविवारी बस पकडून ते आसऱ्यात जायचेच. छोटं भिंग विकत घेतलं. तिथे येणाऱ्या प्रत्येक लुळ्या-पांगळ्या पक्ष्याचा एकेक फोटो ते काढतात. अगदी समोरून, डोळ्यांत बघून, घाई न करता. मांजानं गळा चिरलेलं घुबड, एका पायाचा शिकरा, आणि ती घार. संक्रांतीच्या आधी ते फोटो घेऊन नारायणगुड्यातल्या शाळांत जातात. भाषण करत नाहीत. फोटो पोरांच्या हातात देतात आणि त्यांचं बघून होईपर्यंत उभे राहतात. पोरं आधी कुजबुजतात, मग गप्प होतात. मांजा थांबलाय असं नाही. गेल्या संक्रांतीलाही आसऱ्यातली सगळी खोकी भरली होती.

या थंडीत मीच त्यांना माळावर घेऊन गेले. फारसं यायचं नव्हतं त्यांना. माळ आता नावापुरताच उरलाय; गवतात रंगवलेले दगड रोवून प्लॉट पाडलेत, मधोमध एक कमान उभी आहे, पुढे काही नाही. मामा गाडीतून उतरले. पालथं पडणं आता त्यांना झेपत नाही. कॅमेरा गाडीतच राहिला होता. मी विचारलं, आणू का, तर ते गवताच्या कडेला जाऊन उभे राहिले. उन्हं बरीच वर आली. मी फोनवर ऑफिसचा एक निरोप वाचत त्यांच्या जरा मागे उभी होते.

तेवढ्यात ते समोर बघतच, आवाज खाली ठेवून म्हणाले, "अगं, बघ."

मला ते कधी "अगं" म्हणत नाहीत, "सूनबाई" म्हणतात. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. दगडांच्या रांगांवरून, गवताला टेकत, तो फिकट राखाडी पक्षी डावी-उजवीकडे मान करत येत होता.

मी फोन पर्समध्ये टाकला, त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "बघते."