शोभामावशींची लुकलुकणारी शिंगं

शोभामावशींना मोटारसायकलवाल्याने उडवलं ते दसऱ्याच्या पहाटे, आमच्याच चौकात, त्या रस्ता झाडत असताना. "दिसल्याच नाहीत," म्हणाला तो. खोटं नव्हतं. मावशींच्या जाकिटावरची चमकणारी पट्टी धुऊन धुऊन कधीच मेली होती, आणि नवं जाकीट मागून मागून त्या थकल्या होत्या.

मोडलेला पाय बरा झाल्यावर परवा त्या कामावर आल्या. अंधारात दोन लाल शिंगं लुकलुकत होती. नातीला जत्रेत घेतलेला सेलवर चालणारा शिंगांचा हेअरबँड मावशींनी पदरावरून डोक्यात घातला होता.

"काय गं शोभे, वरातीत नाचायला निघालीस?" जोडीदारीण खिदळली.

"हस की! हसतेस म्हणजे दिसतेय ना मी?"

मुकादम मात्र म्हणाला, "मावशी, ते काढा. गणवेशात बसत नाही." मावशींनी शिंगं काढून पिशवीत टाकली. अंधार होता तसा झाला.

तेव्हापासून माझ्या जिवाला नुसती टोचणी आहे. सोसायटीतल्या कुत्र्याच्या पट्ट्यात दिवा, पोरांच्या बुटांत दिवा, नवरीच्या घागऱ्यात तर दिवाळीच. ज्याच्याकडे बघायची हौस, त्याच्याच अंगावर आपण उजेड लावतो का? मावशींकडे बघायची हौस कुणालाच नाही. त्यांना फक्त दिसायचं आहे आणि धड घरी जायचं आहे.

उद्या पहाटे खाली उतरा. तुमची गल्ली झाडणाऱ्या बाईला विचारून तिच्या जाकिटावर मोबाईलचा उजेड मारा. पट्टी चमकली नाही, तर त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसात जाऊन बसा, आणि लुकलुकत्या दिव्यांचं नवं जाकीट तिच्या हातात पडल्याशिवाय उठू नका.