उभं कापलेलं यंत्र

शेजारच्या चाचांनी ते पुस्तक दिलं तेव्हा मी दहावीत होते. चाचा वसमतच्या एका जिनिंग कारखान्यात आयुष्यभर फिटर होते. पुस्तक निजामाच्या काळातलं, उर्दू, पुठ्ठा गेलेलं. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण पानोपानी चित्रं होती. कापसातून सरकी काढायचं यंत्र उभं कापून आतले रूळ, दाते, पट्टे दाखवलेले, केसाएवढ्या बारीक, हातानं काढल्यासारख्या रेषांत. शाळेत आम्ही कमळ आणि फुलदाणी गिरवत होतो. आतलं दाखवायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मला वेडच लागलं. आधी ती यंत्रं जशीच्या तशी उतरवली. मग आईची चूल उभी कापली, जातं कापलं, अंड्यांवर बसलेली कोंबडीसुद्धा. भिंत भरली. हीच चित्रं घेऊन औरंगाबादला कला शिकायला जायचं, असं मी ठरवून टाकलं. वडील मास्तर. भिंतीसमोरून रोज जायचे आणि अभ्यास झाला का, एवढंच विचारायचे.

दसऱ्याच्या आवराआवरीत पुस्तक त्यांच्या हाती लागलं. आमच्या गल्लीत उर्दू अक्षराचा कागद कुणी केरात टाकत नसे. धर्माची जीर्ण पानं चाचामंडळी फडक्यात बांधून नदीत सोडत, त्याला ठंडं करणं म्हणत. उर्दू न येणाऱ्या वडिलांनी धर्माचंच समजून, कुणाला न विचारता पुस्तक नव्या कापडात गुंडाळलं आणि डोहात सोडून आले. मी शाळेतून आले तेव्हा ओट्यावर मास्तरांचं कौतुक चाललं होतं.

चाचांनी कपाळाला हात लावला. "मास्तर, त्यात फक्त तेल कुठं घालायचं ते लिहेलं व्हतं!"

सगळे हसले. मला मात्र रडू फुटलं. वडिलांनी पुस्तक चुलीत घातलं असतं तर भांडता तरी आलं असतं. श्रद्धेशी कसं भांडायचं? रंग द्यायचा म्हणून भिंतीवरची चित्रंही उतरली, ती परत लागली नाहीत. औरंगाबादचं नाव काढलं की वडील उठून जात. मी डी.एड. केलं.

ते निवृत्त झाल्यावर एकदा मी विचारलंच, "उघडून तरी पाहिलं होतं का तुमी ते पुस्तक?"

"पाहिलं की. म्हणून तर घाईनं नेलं. पानोपानी तुझी चित्रं. पोरीनं पवित्र किताबीत यंत्रं काढून ठेवली, गल्लीला कळलं तर?"

"अन् चाचा बोलले तेव्हा?"

"मला वाटलं, तुला पाठीशी घालून राहिले."

कुणा पट्टीच्या कारागिराच्या त्या रेषा त्यांना माझ्या वाटल्या होत्या. त्या भीतीपायी त्यांनी माझं चित्र काढणंच बंद केलं. राग आजही जात नाही. तरी मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. माझी म्हणून त्यांनी नीट पाहिलेली चित्रं तेवढीच होती.