कापसाच्या फिल्टरला आज मीच नाही म्हणाले

मंडळी, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहितेय.

मी सोलापूरला पीएचडी करते. कापसातल्या सेल्युलोजपासून पातळ मेम्ब्रेन, म्हणजे गाळायचा पडदा, बनवते आणि त्यात चांदीचे नॅनोकण मिसळते. त्यातून पाणी गाळलं की जंतू अडतात, मरतात. घरी दाखवायला म्हणून एक मेम्ब्रेन काल गावी, बेंबळीला, आणलं.

आज सकाळी दार उघडलं तर अंगणात पाच-सहा बायका भरलेल्या घागरी घेऊन उभ्या! आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावभर सांगून टाकलेलं, "पोरीनं फिल्टर केलाय."

"दे की गाळून, लई आशेनं आल्यात," आण्णा म्हणाले.

पण चांदीचे कण पाण्यात उतरून पोटात जातात का, ही चाचणी अजून झालेलीच नाही. पुढं बायका, मागं आण्णा. मी उंबऱ्यातच अडकले.

"हे पाणी आत्ता प्यायला देता येणार न्हाय," मी कसंबसं म्हणाले.

"मग एवढी वर्षं शिकलीस काय?" आण्णा सगळ्यांदेखत ओरडले आणि आत गेले. अजून बोललेले नाहीत.

बायका परतल्या. शेजारच्या शकीलाचाची तेवढ्या थांबल्या. त्यांच्या नातवाला महिन्यात दुसऱ्यांदा जुलाब लागलेत.

"खरं सांगितलंस, बरं केलंस बेटा. पण आज त्याला पाणी कुठलं पाजू?"

"उकळून पाजा," एवढंच मला सुचलं.

"दर वेळी कुठं उकळणं होतंय," म्हणाल्या, आणि घागर कमरेवर घेऊन गेल्या.

मी खोटं बोलले नाही, तरी मोकळं वाटत नाही. माझ्या जागी तुम्ही चाचींना काय सांगितलं असतं?