नानांचा ट्रक गेटबाहेर जातो

घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला सरकारची बंदी असलेल्या माणसाने अख्खा खंड ओलांडण्यासाठी लष्करी ट्रक विकत घ्यावा, याला धाडस म्हणायचं की तापातली बडबड, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. २०२०चा सप्टेंबर होता. मेलबर्न कडीकुलपात होतं. ट्रुगानिना या उपनगरातल्या माझ्या शेजाऱ्याने, दत्तप्रसादने, ऑनलाइन लिलावात हा ट्रक घेतला. त्याची बायको चित्रलेखा समजत होती की नवरा रोज व्हॅक्युम क्लीनर बघतोय.

ऑस्ट्रेलियन लष्करातून निवृत्त झालेला तो जर्मन ट्रक दुसऱ्या एका ट्रकवर बसून आला. अंगभर हिरवे-तपकिरी डाग, चाकं माझ्या छातीला लागणारी. आमच्या गल्लीतली घरं बदामी, कुंपणं करडी, गवत सगळ्यांचं एका उंचीचं. त्यात हा म्हणजे हळदीकुंकवाला आलेला गेंडा.

"Dad, it's literally a tank," दत्तप्रसादची मुलगी स्पृहा म्हणाली आणि दार लावून आत गेली.

तेवढ्यात कानटोपी आणि मास्क यांच्या मधल्या फटीतून बघत नाना बाहेर आले. नाना म्हणजे दत्तप्रसादचे वडील, पद्माकर. वय चौऱ्याहत्तर. फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आले आणि मार्चमध्ये सरहद्दी बंद झाल्या. तेव्हापासून त्यांनी घरातला मिक्सर, गॅरेजचं दार, पत्रपेटी आणि माझं गवत कापायचं मशीन दुरुस्त केलं होतं. मशीन मोडलेलं नव्हतं, असं मी कुंपणावरून सांगून पाहिलं. "मोडणार होतं," नाना म्हणाले.

ट्रकभोवती त्यांनी एक पूर्ण फेरी मारली. बॉनेटवर तळवा ठेवला. दत्तप्रसादला म्हणाले, "लाव चालू." इंजिन धडधडलं. गल्लीतले पडदे हलले. नाना डोळे मिटून ऐकत उभे राहिले आणि मिनिटभराने म्हणाले, "तिसरा इंजेक्टर." उघडून पाहिलं, तर डिझेल फवारणारा तो तिसराच तुंबलेला निघाला. तेव्हापासून मी त्या माणसाला जरा घाबरूनच होतो.

"चौतीस वर्षं," दुसऱ्या दिवशी ते कुंपणापलीकडून मला सांगत होते, "खडकीच्या लष्करी वर्कशॉपात ट्रक दुरुस्त केले. कुठे कुठे गेले ते! लडाखला, जैसलमेरला. आणि मी कुठवर गेलो, सांगा बघू?"

"कुठवर?"

"गेटपर्यंत. दुरुस्त झाला की गेटपर्यंत चालवून बघायचा, वळवायचा, परत आणायचा. पुढे जवान घेऊन जाणार. सिव्हिलियन माणूस मी, शेजारीबुवा. माझा एकही ट्रक गेटबाहेर कसा चालतो, ते मी बघितलेलं नाही. हा जाईल तेव्हा पुढच्या सीटवर मी. मग खुशाल पुण्याला जातो."

दत्तप्रसाद पेशाने सॉफ्टवेअरवाला. ट्रकच्या पाठीवर बसवायची राहती पेटी त्याने आधी कॉम्प्युटरवर बांधली, मग नऊ महिने अंगणात. पलंग, पाण्याची टाकी, सौर पॅनेल, पोळ्या लाटायला ओटा. ओटा चित्रलेखाने तीनदा उंच करवून घेतला. शेवटी ही पेटी सोळा जाड बोल्टांनी ट्रकच्या चेसीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, करकचून आवळली. आपल्या इंजिनिअरांचा एक पक्का समज असतो: जे हलत नाही ते मजबूत.

"हे चुकलंय," नाना म्हणाले. "वाळूत एक चाक वर जातं, एक खाली. चेसी पिळवटते. पिळवटते म्हणूनच मोडत नाही. पेटीला मोकळं ठेव."

"नाना, सोळा बोल्ट आहेत. ती हलणारच नाही."

"मी तेच म्हणतोय."

"मी सगळं सिम्युलेट केलंय, नाना."

नानांनी वाद घातला नाही. ऑगस्ट २०२१, सहावा लॉकडाऊन. पेटी आता दत्तप्रसादचं ऑफिस झाली होती. एका दुपारी तो आत मीटिंगमध्ये असताना नाना जॅक आणि लाकडी ठोकळे घेऊन आले. वर्कशॉपातली त्यांची जुनी चाचणी: पुढचं डावं चाक उचलायचं, मागचं उजवं उचलायचं आणि मग दार उघडून बघायचं. मी कुंपणाशी झाडांना पाणी घालत होतो. एकाच झाडाला अर्धा तास.

आत दत्तप्रसादची कॉफी टेबलावरून सरकू लागली. तरी तो, "Can everyone see my screen?" विचारतच होता. मग पेटीच्या कोपऱ्यातून 'कडाड' आवाज आला आणि एक भेग वीतभर चालत गेली.

"दार उघड," नाना बाहेरून म्हणाले.

दार उघडेना. आतून धक्के, बाहेरून चित्रलेखाचे धक्के, काही नाही. शेवटी खिडकीतून यायचं ठरलं. पण दत्तप्रसादची कंबर आणि खिडकी यांची मापं एकाच सॉफ्टवेअरने काढलेली नव्हती. तो निम्मा बाहेर लोंबत असताना स्पृहाने शांतपणे फोटो काढला.

मला वाटलं, आता नाना बोलणार. ते स्वयंपाकघरात गेले आणि चार वाट्या, एक ताट घेऊन आले. चार वाट्या उपड्या ठेवून वर ताट ठेवलं, एकीखाली घडीचा कागद सारला. ताट डुगडुगलं. मग एक वाटी काढली, तिघींचा त्रिकोण केला. आता कागद कुठेही सारा, ताट तिरकं व्हायचं. पण डुगडुगायचं नाही.

"चौघींत एक तरी रुसते," नाना म्हणाले. "तिघी कायम टेकून असतात. पेटीला तीनच टेकू दे. मागे दोन, पुढे मधोमध एक, आणि तो फिरता."

दत्तप्रसाद खिडकीत लोंबतच ताटाकडे बघत राहिला. मीही. पंचवीस वर्षं मी तसल्याच ताटात जेवतोय.

अडचण एवढीच, की सोळा बोल्ट काढून, पेटी उचलून, नवा सांगाडा घडवायचा होता आणि नानांचं चार डिसेंबरचं तिकीट निघालं होतं. व्हिसा याच्यापुढे वाढणार नव्हता. त्या तीन महिन्यांत बापलेक जेवढे बोलले, तेवढे आधीच्या वीस वर्षांत बोलले नसतील. सगळं बोलणं वेल्डिंगबद्दल. नाना खुर्ची टाकून बसायचे. दत्तप्रसादचा जोड बघून "पुन्हा" म्हणायचे. सोळाव्या दिवशी पहिल्यांदा "हं" म्हणाले, तर चित्रलेखाने शिरा केला.

लॉकडाऊन उठला, ट्रकची तपासणी झाली, रस्त्यावर चालवायच्या परवान्याचा कागद मिळाला. नोव्हेंबरच्या मध्यावर आम्ही वायव्येच्या वाळवंटी मुलखाकडे निघालो. पुढे ट्रकमध्ये बापलेक, मागे माझ्या गाडीत चित्रलेखा, स्पृहा आणि बत्तीस मेथीचे ठेपले. पाचशे किलोमीटरांवर डांबर संपलं. तिथे माझी गाडी थांबली. पुढे लाल वाळूची टेकाडं आणि त्यांच्यावर एवढं आभाळ, की स्पृहानेही फोन खाली ठेवला.

ट्रक चढू लागला. मध्यावर डावं चाक उंचवट्यावर गेलं, मागचं उजवं खड्ड्यात. चेसी ओल्या कपड्यासारखी पिळवटली आणि तिच्यावर पेटी ताटासारखी निवांत. मी अशी गोष्ट आयुष्यात पाहिली नव्हती.

"थांब!" नानांचा आवाज आला.

आम्ही पळत वर गेलो. वाटलं, मोडलं काहीतरी. नाना उतरले, वाकून खाली बघितलं, मग मागे जाऊन पेटीचं दार उघडलं. सहज उघडलं. लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा त्यांनी कानटोपी काढून हातात घेतली होती.

"नाना," दत्तप्रसादने हळूच विचारलं, "दमला असाल. इथून वळवू या का?"

नाना सीटवर चढून बसले. पट्टा लावला. टेकाडाच्या माथ्याकडे बघत म्हणाले, "आयुष्यभर वळवलेत रे. आता नको वळवू."

ट्रक माथ्यावरून पलीकडे उतरला. बराच वेळ नुसता आवाज येत राहिला. तिन्ही टेकूंचा काही नव्हता, इंजिनाचाच. तिसरा इंजेक्टर ठणठणीत होता. एवढं आता मलाही कळतं.