जाऊबाईंचा आवाज

आमच्या थोरल्या जाऊबाई बस स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायच्या. आवाज असा गोड की गाडी तासभर उशिरा येणार हे त्यांनी सांगितलं तरी लोकांना बरं वाटायचं. घरीही तोच थाट. "कृपया लक्ष द्या, दूध उतू जातंय," असं बाहेरच्या खोलीतून ऐकू आलं की मी धावत सुटायचे.

भावजी अचानक गेले तेव्हा त्यांच्या पदरात दोन लहान मुली होत्या. मी रडून घर डोक्यावर घेतलं, आणि या मलाच पाणी देत म्हणाल्या, "देव आहे ना. तो बघेल." पुढे ही नोकरी लागली, मुली शिकल्या, लग्न होऊन लांब गेल्या. प्रत्येक वेळी बाईंचं तेच. मी चिडायचे. "आहे म्हणजे कुठे आहे? कितव्या फलाटावर?"

"सगळ्याच," म्हणायच्या आणि खुशाल चष्मा पुसत बसायच्या.

मग जाऊबाईंच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, पण आवाज परत येईलच असं डॉक्टर सांगेनात. महिनाभर बोलायचं नाही. जाऊबाई हसतमुखाने खुणा करत होत्या, आणि मी भांडी घासताना, कपडे वाळत घालताना देवाला फैलावर घेत होते. "त्यांचा नवरा नेलास, आता आवाजावर डोळा? काही लाज?"

महिना संपला. मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, "बोला काहीतरी."

जाऊबाईंनी तोंड उघडलं. नुसती हवा. पुन्हा प्रयत्न, पुन्हा हवा. माझा बांधच फुटला. डॉक्टरांच्या देखत मी छताकडे बघून ओरडले, "अरे, कान आहेत की नाही तुला?"

तेवढ्यात खुर्चीतून घोगरा, फाटका आवाज आला. "अगं, हळू! महिनाभर ऐकतेय मी. जो नाहीच, त्याच्याशी कुणी रोज एवढं भांडतं का गं?"

डॉक्टर खो खो हसले. देव आहे याची मला कधी एका दिवसाचीही शंका नव्हती, आणि हे माझं मलाच माहीत नव्हतं! मी जाऊबाईंना मिठी मारून रडले, आणि रडता रडता हसले.

स्थानकावर घोषणा आता एक नवी मुलगी करते. जाऊबाई चौकशीच्या खिडकीत बसतात. माझं देवाशी भांडण चालूच आहे, फक्त हल्ली मध्येच त्याला प्रेमाने "बरं का रे" म्हणते.