मगदूमला मी शाबासकी दिली नाही

माझं पोस्टिंग तेव्हा इंजिनिअर्सच्या एका कंपनीत होतं. मी नायब सुभेदार. हाताखाली बावीस जवान आणि तीन बोटी. पुराच्या मदतीला आमचा कॉलम, म्हणजे तुकडी, निघाला तो कोल्हापूर जिल्ह्यात. माझं घर उचगावचं, त्यामुळं मला नकाशा बघावा लागला नाही. सकाळी पाच चाळीसला गाड्या हलल्या. दुपारी नृसिंहवाडीच्या अलीकडं, रस्ता पाण्यात जात होता तिथं, आम्ही बोटी उतरवल्या.

बोटींची इंजिनं नाईक सन्मती मगदूमकडं होती. वारणानगरकडचा, जैन शेतकऱ्याचा मुलगा, वय एकतीस. तो सगळ्यांच्या आधी तासभर उठायचा. प्लग काढून पुसायचा, पेट्रोल फडक्यातून गाळून भरायचा. मग दिवसभर दोन नंबरची बोट स्वतः चालवायचा.

माझ्या आधीचे साहेब रोज सकाळी फॉल-इनला, सगळे रांगेत उभे असताना, एक-दोन नावं घ्यायचे. काल अमक्यानं दोर नीट बांधला, म्हणून बोट वाचली. एवढंच बोलायचे. मी चार्ज घेतला आणि ते बंद केलं. ड्युटी ही ड्युटी, तिचं कौतुक कसलं, असं माझं मत. चुका मात्र रोज वाचून दाखवायचो.

पहिल्या दोन दिवसांत आम्ही चारशेच्या आसपास माणसं काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बोटी तपासत होतो. मगदूम जवळ आला, सावधान उभा राहिला.

"साहेब, दोन दिवसांत तिन्ही इंजिनं एकदा बी बंद न्हाय पडली."

"पडायलाच नकोत," मी म्हणालो.

त्यानं दोन नंबरच्या इंजिनाकडं एकदा बघितलं. मग म्हणाला, "व्हय साहेब," आणि गेला. तो रिपोर्ट द्यायला आला नव्हता, हे मला त्या वेळी कळलं नाही. कळलं असतं तरी मी काही बोललो असतो का, सांगता येत नाही.

चौथ्या दिवशी फॉल-इनला एका जवानानं ताप असल्याचं सांगितलं. मी सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, "लोक छपरावर बसलेत आणि तुला ताप आला?" तो रांगेतच राहिला. मगदूम त्याच्या शेजारीच उभा होता. त्यालाही आदल्या संध्याकाळपासून ताप होता. गोळी घेऊन तो रांगेत आला होता. हे मला नंतर त्याच्या बोटीवरच्या जवानाकडून समजलं.

दुपारी दोनच्या सुमाराला एका मळ्यातल्या घरावरून अकरा माणसं घेऊन दोन नंबरची बोट निघाली. खाली उसाचं रान होतं. पाण्यावर नुसते शेंडे दिसत होते. मी काठावर वायरलेसजवळ होतो. दोन वाजून दहा मिनिटांनी बोट थांबलेली दिसली.

"टू, का थांबलात? ओव्हर."

"साहेब, पंख्यात ऊस गुतलाय. काढाय लागलोय. ओव्हर."

"लवकर काढ. लोक थांबलेत. आऊट."

मी त्याच्याशी बोललेलं ते शेवटचं वाक्य.

इंजिनाखाली हात पोचेना, म्हणून त्यानं लाइफ जॅकेट काढलं आणि पाण्यात उतरला. एका हातानं बोटीचा काठ धरून दुसऱ्या हातानं त्यानं पाला कापला. पंखा मोकळा झाला. भरलेल्या बोटीवर चढलं तर ती कलंडेल, म्हणून तो काठ धरूनच राहिला. बोटीवरच्या जवानाला तो म्हणाला, "चालू कर, माणसं ने." बोट हलली तशी धार जोरात आली आणि त्याचा हात सुटला. तापानं अंगात ताकद उरली नव्हती. जवानानं दोर फेकला, तो त्याला धरता आला नाही. आम्ही अंधार पडेपर्यंत तिन्ही बोटींनी शोधलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी सात वीसला तो अडीच किलोमीटर खाली सापडला. अकराच्या अकरा माणसं सुखरूप होती.

कमांडिंग ऑफिसरनी मला त्याचं सायटेशन लिहायला सांगितलं, म्हणजे पदकासाठी पाठवायची हकीकत. मी बसलो आणि दोन पानं न थांबता लिहिली. किती वाजता उठायचा, पेट्रोल कसं गाळायचा, सगळं मला माहीत होतं. मी रोज बघत होतो.

महिन्यानं त्याच्या घरी गेलो. वडिलांनी मला खुर्ची दिली, स्वतः जोत्यावर बसले. मग त्यांनी विचारलं, "काम बरं करत हुता न्हवं त्यो?"

"काका, त्याच्यासारखा दुसरा नव्हता."

"तसं न्हाय वाटलं कधी त्याच्या बोलण्यातनं. फोनवर इचारलं की म्हणायचा, साहेब काय बोलत न्हाईत बाबा, म्हंजे माझंच कायतरी चुकत आसंल. बघतो आजून नीट करून."

मी खिशातून सायटेशनची प्रत काढून त्यांना दिली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. एका ओळीवर बोट ठेवून ती परत वाचली. मग घडी घालून विचारलं, "हे त्याला सांगितलं हुतं का कधी?"

"न्हाय," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. चहा आला. मला तो पिता आला नाही.

आता रिटायर होऊन मी कोल्हापूरजवळच्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. बारा वॉचमन आहेत. कुणी काही नीट केलं तर त्याच दिवशी, त्याचं नाव घेऊन सांगतो. त्यांची तोंडं उजळतात. त्यांच्याकडं बघताना मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही. एवढं सोपं होतं, हेच रोज नव्यानं कळतं.

नाईक सन्मती मगदूम. अकरा माणसांना काठाला लावून गेला. आपलंच काहीतरी चुकतंय, असं मनात धरून गेला.