परशुरामअण्णांचा एसी आणि सखूबाईंचं नाक

परशुरामअण्णा सिगारेट ओढतात हे कुणालाच ठाऊक नाही, अशी जुन्या हुबळीतल्या आमच्या गल्लीत एकाच माणसाची समजूत आहे. परशुरामअण्णांची.

त्यांचं साड्यांचं दुकान आमच्या बांगड्यांच्या दुकानाच्या अगदी समोर. गिऱ्हाईक जरा पांगलं की अण्णा उठतात, पट्टा सारखा करतात आणि जाहीर करतात, "स्टॉक बघून येतो." मग मागच्या गोडाऊनमध्ये गडप. इतक्या वेळा स्टॉक बघणारा व्यापारी अख्ख्या कर्नाटकात नसेल. परत येतात ते तोंडात बडीशेप आणि चेहऱ्यावर एकादशी घेऊन.

अण्णांच्या आजोबांनी मिरजेहून येऊन याच गल्लीत रस्त्याकडेला सतरंजी टाकून लुगडी विकली. वडिलांनी दुकान बांधलं. आपण काय करायचं, या विचारात अण्णांनी काचेचं दार बसवलं आणि एसी लावला. थंडी पळून जाऊ नये म्हणून गोडाऊनची एकुलती एक खिडकी पुठ्ठा ठोकून बंद केली. गोडाऊनची फळ्यांची भिंत छतापर्यंत पोचत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. धुराच्या आलं. तो वरून उतरायचा, एसीत शिरायचा आणि गारेगार होऊन गिऱ्हाइकाच्या अंगावर पडायचा.

आमच्याकडं नव्या कापडाचा वास घेतल्याशिवाय खरेदी होत नाही. बायका घडी मोडायच्या, नाकाशी न्यायच्या आणि "जरा फिरून येतो" म्हणून निघायच्या. अजून फिरतच असतील.

अशात अळणावरकडच्या सखूबाईंचा निरोप आला: नातीचं लग्न ठरलंय, सोमवारी बस्त्याला येतो. अण्णांना घाम फुटला, एसी चालू असताना. सखूबाईंच्या घरचा बस्ता पिढ्यान्‌पिढ्या याच दुकानातला. लग्नाचं सगळं कापड एका चादरीत ठेवायचं, हळदकुंकू लावायचं आणि शेवटची गाठ मालकानं मारायची. सखूबाईंच्या लग्नाची गाठ अण्णांच्या आजोबांनी मारली, त्यांच्या मुलाच्या लग्नाची वडिलांनी. आता अण्णांची पाळी. शिवाय सखूबाई ज्या दुकानाची पायरी उतरतात, ती त्यांचं अख्खं गाव उतरतं.

अण्णा वासाच्या मागं लागले. आधी धूप घातला. मग मोगऱ्याचा स्प्रे. मग मोबाईलवर बघून कपाटाकपाटात कॉफीपूड आणि लिंबाच्या फोडी. रविवारी संध्याकाळी दुकानात असा वास होता, की देवळात कुणी मोगऱ्याचा गजरा घालून कॉफी पीत बिडी ओढतंय.

"खिडकीचा पुठ्ठा काढा," अण्णांच्या बायको मीनाक्षीवहिनी म्हणाल्या, "आणि ओढायचीच तर गल्लीच्या टोकाला जाऊन ओढा."

"खिडकी उघडायची तर एसी कशाला लावला? आणि ओढतंय कोण?"

"मग भिंती ओढत असतील," वहिनी म्हणाल्या आणि लिंबं गोळा करायला लागल्या. सरबताला.

सोमवारी सखूबाई आल्या. सोबत नवरी शीतल आणि गाडीभर गोतावळा. अण्णांनी स्वतः शालू उलगडला. सखूबाईंनी त्याचा पदर नाकाशी धरला, डोळे मिटले.

"शीतल, तुझा आजा जाऊन लई दिस झालं न्हवं?"

"होय आज्जी. का?"

"आज हितं भेटला बघ. बिडीसकट."

अण्णा हसले. म्हणजे दात दाखवले. "नवा रंग आहे अक्का. हल्लीचं केमिकल असंच असतं."

"केमिकलला काडी कोण लावतं रे परशा? नवरीनं हे नेसून अंतरपाटामागं हुबं ऱ्हायलं तर भटजीला ठसका लागंल."

त्या उठल्या. गोतावळाही उठला. अण्णा काचेच्या दारापर्यंत मागं मागं, "अक्का, ऐका तरी…" करत. दार उघडलं तर पायरीवर सकाळीच ट्रान्सपोर्टनं आलेले इलकल साड्यांचे गठ्ठे पडलेले. न फोडलेले. गोडाऊनचं तोंड न बघितलेले.

वहिनींनी अण्णांकडं बघितलंसुद्धा नाही. "अक्का, ह्यातलं बघा," म्हणत तिथंच रस्त्याकडेला सतरंजी अंथरली आणि गठ्ठा फोडला. सखूबाईंनी एक साडी नाकाशी नेली. मग दुसरी. मग खाली बसल्या. गोतावळा बसला. स्कूटरवाले हॉर्न वाजवून वळसा घालू लागले, आणि आजोबांच्या जागी नातवाचं दुकान पुन्हा थाटलं गेलं. मागं काचेच्या आड एसी रिकाम्या खुर्च्यांना थंड करत होता.

बस्ता झाला. चादरीवर हळदकुंकू पडलं. अण्णा बाह्या सरसावून गाठ मारायला वाकले.

"थांब," सखूबाई म्हणाल्या. "बोटं दाखव."

अण्णांनी हात मागं घेतले. शाळेत नखं तपासताना घेतात तसे.

"मीनाक्षे, तू मार गं गाठ."

वहिनींनी मारली. दणकट मारली. गोतावळा तसाच आमच्या दुकानात बांगड्या भरायला आला. सखूबाईंनी आधी आमचीही हवा हुंगली, हे सांगायला हवं.

समोर अण्णा उभेच होते. थोड्या वेळानं त्यांनी पट्टा सारखा केला, घसा खाकरला आणि सवयीनं म्हणाले, "स्टॉक बघून येतो."

"बघा की," सतरंजीवर घड्या घालत वहिनी म्हणाल्या. "इथंच पडलाय सगळा."